करवंटीतली नाचणी

नाताळआधीचा आगमनकाळ लागला की आमच्या वसईत घरोघरी ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याची जमवाजमव सुरू होते. कुणी पेंढा मागून आणतो, कुणी माळ्यावरची मूर्तींची पेटी खाली काढतो, आणि मेंढपाळाचा गेल्या वर्षी तुटलेला हात चिकटवायचा राहूनच गेला, हे घरातल्या सगळ्यांना एकदम आठवते. माझ्याकडे लहानपणापासून एकच काम आहे, गोठ्यापुढच्या कुरणासाठी नाचणी पेरण्याचे. 12-13 डिसेंबरच्या सुमारास मूठभर नाचणी रात्रभर भिजत घालायची, करवंट्यांत माती भरून तिच्यावर दाट पसरायची आणि नाताळपर्यंत बोटभर हिरवळ उभी राहील अशा बेताने पाणी देत राहायचे.

वाडीतले घर सोडून फ्लॅटमध्ये आल्यावर पहिल्याच वर्षी हे साधे काम फसले. मी तांब्याने पाणी ओतत राहिले आणि चौथ्या दिवशी मातीवर पांढरी बुरशी धरली. शेजारच्या काकूंनी करवंटी उचलून नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "अगं, ओततेस कशाला? हातानं शिंपडायचं. आम्ही घटाला तसंच करतो." त्यांच्याकडे नवरात्रात घट बसतो आणि मातीत पेरलेले धान्य नऊ दिवस वाढते. नाताळआधीची आमची नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, हीही 16 ते 24 डिसेंबर अशी नऊच दिवसांची असते. या योगायोगातून काहीतरी मोठे काढण्याचा मोह मला होतो. काकूंना तो कधी झाला नाही, त्यांना धान्य कुजू नये एवढेच वाटत होते.

तेव्हापासून मी शिंपडते, आणि त्यासाठी पहाटेची लोकल गाठण्याआधी पाच मिनिटे करवंट्यांजवळ बसावे लागते. तिसऱ्या दिवशी तांबूस दाण्यांतून सुतासारखी पांढरी मुळे निघतात, मग हिरवी टोके वर येतात. एका पहाटे ट्यूबलाइट लावली, तर प्रत्येक पात्याच्या टोकाला पाण्याचा एकेक थेंब होता. खिडकी बंद होती, घरात दव पडत नाही आणि रात्री मी पाणीही शिंपडले नव्हते. पुढे कळले की रात्रभर मुळे पाणी वर ढकलत राहतात आणि जास्तीचे पाणी पात्याच्या टोकाशी असे थेंबाने बाहेर येते. हे कारण समजल्यावर माझे नवल ओसरेल असे वाटले होते, पण झाले उलटेच. सगळे घर झोपलेले असताना, कुणी पाहत नसताना, वाण्याकडून भाकरीसाठी आणलेल्या नाचणीतली ही मूठभर रात्रभर हे करत होती. माझ्या तोंडून प्रार्थनेचा एकही शब्द आला नाही, आणि लोकलही चुकली.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात गव्हाणीचा उल्लेख तीनदा येतो. देवदूत मेंढपाळांना तारणारा कसा ओळखायचा याची खूण सांगतो, ती बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेल्या बालकाची. आकाश उजळलेले असतानाही खूण म्हणून तो त्या उजेडाकडे बोट दाखवत नाही. बाळंते आणि गव्हाण हे शब्द मी चर्चमध्ये ऐकण्याच्या कितीतरी आधी आजीच्या तोंडी ऐकले होते. एक बाळंतिणीच्या खोलीतला, दुसरा म्हशींच्या गोठ्यातला, आणि दोन्हींना वास होता. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा मांडला, तेव्हा त्यानेही गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणवले होते. हल्ली आमच्याकडे गोठ्यात कारंजी आणि रंग बदलणारे दिवे असतात. मुलांना ते आवडतात, म्हणून मी तक्रार करत नाही, फक्त करवंट्या दिव्यांपासून जरा लांब ठेवते.

चर्चमधली मध्यरात्रीची उपासना, म्हणजे मिस्सा, होईपर्यंत आमची गव्हाण रिकामी असते. गेल्या नाताळच्या सकाळी काकू फराळाला आल्या, तेव्हा तिच्यात बाळ येशू ठेवलेला होता. त्यांनी हात जोडले, मग वाकून पुढची करवंटी उचलली आणि पुन्हा नाकाशी नेली.

"यंदा बुरशी नाही," असे म्हणून त्यांनी ती जपून जागेवर ठेवली आणि करंजी घेतली.