प्रोफेसर, कंपनी आणि बॅरिटोन सॅक्सोफोन

नव्वदच्या दशकात ज्यांनी एसएपी आर/३ वर, म्हणजे एसएपी या जर्मन कंपनीच्या, कंपन्यांचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलंय त्यांना तो षटकोन नक्की आठवत असेल. षटकोन म्हणजे घटना, ऑर्डर आली. मग गोल कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, स्टॉक बघा. परत षटकोन, माल आहे किंवा माल नाही, आणि मधे अँड, ऑर, एक्सऑरचे गोळे, म्हणजे सगळ्या वाटा, एक किंवा जास्त वाटा, की नेमकी एकच वाट. काम टप्प्याटप्प्याने कसं चालतं ते दाखवणाऱ्या या आकृतीला म्हणायचं ईपीसी (इव्हेंट-ड्रिव्हन प्रोसेस चेन). १९९२ मधे हे आलं ते जर्मनीतल्या सारब्रुकेनमधून, प्रोफेसर ऑगस्ट-विल्हेल्म शेर यांच्या इन्स्टिट्यूटमधून, एसएपीच्या लोकांबरोबर मिळून केलेलं काम. मला या माणसाच्या करिअरचं जाम कुतूहल आहे.

जन्म १९४१ चा. १९७५ ला सारलँड युनिव्हर्सिटीत प्रोफेसर झाले आणि २००५ पर्यंत तिथेच. सारलँड म्हणजे फ्रान्सच्या बॉर्डरला लागलेलं, कोळसा आणि पोलादावर जगलेलं छोटंसं राज्य, सॉफ्टवेअरचं गाव म्हणून कोणाच्या डोळ्यासमोर येणार नाही असं. विषय बिझनेस इन्फॉर्मेटिक्स, म्हणजे कॉमर्सवाले म्हणणार हा कॉम्प्युटरवाला आणि कॉम्प्युटरवाले म्हणणार हा कॉमर्सवाला. तेव्हा कंपन्यांमधे अकाउंट्सचं वेगळं, स्टोअरचं वेगळं, प्लॅनिंगचं वेगळं असा कारभार असायचा आणि शेर यांचं म्हणणं साधं होतं, की प्रत्येक खात्याला त्याचा कॉम्प्युटर देऊन काय होणार, ऑर्डर तर सगळ्या खात्यांमधून फिरते ना, मग सिस्टिम त्या फिरण्याभोवती बांधा. कारखान्यासाठी त्यांनी इंग्रजी वाय अक्षरासारखं मॉडेल काढलं, एका फांदीवर ऑर्डर आणि प्लॅनिंग, दुसऱ्या फांदीवर डिझाइन, कॅड (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग) वगैरे, आणि दोन्ही खाली शॉप फ्लोअरवर एकत्र येतात.

हे सगळं रिसर्च पेपरात छापून गप्प बसले असते तर आपल्याला नावही कळलं नसतं. १९८४ मधे त्यांनी युनिव्हर्सिटीची नोकरी न सोडता आयडीएस नावाची कंपनी काढली, पुढे ती आयडीएस शेर झाली. त्यांचं टूल म्हणजे एरिस, प्रोसेस काढायचं सॉफ्टवेअर. एसएपीने आर/३ चं रेफरन्स मॉडेल, म्हणजे नमुन्याच्या प्रोसेस, ईपीसीमधेच मांडलं त्यामुळे एरिसला आयता रस्ता मिळाला, वर शेर स्वतः एसएपीच्या सुपरव्हायझरी बोर्डावर (मॅनेजमेंटवर देखरेख करणारं मंडळ) बरीच वर्षं होते. आपल्याकडे एखाद्या सरांनी असं केलं असतं तर डिपार्टमेंटमधे काय काय बोललं गेलं असतं विचार करा :) आणि प्रश्न अगदीच गैर नाही, शिकवणारा, विकणारा आणि बोर्डावर बसणारा एकच असेल तर बाकीच्यांनी थोडं सावध राहायलाच हवं. पण त्याशिवाय ही थिअरी कारखान्यात पोचली असती असं मला तरी वाटत नाही. १९९९ ला कंपनी शेअर बाजारात आली, २००९ ला सॉफ्टवेअर एजी या जर्मन कंपनीने ती घेतली.

थिअरीवाल्यांनी ईपीसीला बरंच झोडपलं, विशेषतः ऑरचा गोळा जिथे दोनतीन वाटा एकत्र येतात तिथे नेमकी किती वाटांची वाट बघायची हे गणिताने चोख सांगता येत नाही, लूप असला, म्हणजे वाट फिरून मागे येत असली, तर आणखीनच गोंधळ. टीका बरोबरच आहे. पण मी वर्कशॉपमधे बघितलंय, भिंतीवर ईपीसी लावला की स्टोअरचा माणूस उठून बोट ठेवून सांगतो की इथे असं होत नाही, आणि तोच कागद प्रोग्रामरलाही कळतो. तो ढिलेपणा होता म्हणूनच लोक बोलायचे असं माझं मत.

बाकी माणूस जॅझवाला, बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवतो, इम्प्रोव्हायझेशन आणि मॅनेजमेंट यावर लिहितो, बोलतोसुद्धा. आयुष्यभर इतरांच्या कामाचे बाण आणि चौकोन काढणाऱ्याला हाच छंद असावा! २००७ ते २०११ जर्मनीच्या आयटी इंडस्ट्रीची संघटना बिटकॉमचे ते अध्यक्ष होते, आणि २०१४ मधे, सत्तरी उलटल्यावर, स्वतःच्या नावाची नवी रिसर्च इन्स्टिट्यूट काढली.

आता सगळीकडे बीपीएमएन, म्हणजे प्रोसेस काढायची नवी पद्धत, आलंय आणि जुने ईपीसी त्यात आणायचं काम आमच्यासारख्यांकडे येतं. बहुतेक सरळ होतं, फक्त ऑरचा गोळा आला की क्लायंटकडे तेव्हाचा कोणी माणूस अजून नोकरीत आहे का ते शोधावं लागतं.