भाषण संपल्यावर अर्थसंकल्पाचं काय होतं

१ फेब्रुवारीचं भाषण आटोपलं की सगळी चर्चा आयकराच्या टप्प्यांवर येऊन थांबते. पण त्या भाषणाने सरकारला एक रुपयाही खर्चता येत नाही. भारताच्या एकत्रित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढायचा तर लोकसभेने आधी मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे प्रत्येकाने वर्षभरासाठी मागितलेला पैसा, मंजूर कराव्या लागतात आणि मग तो काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक संमत व्हावं लागतं. राज्यसभा चर्चा करते, मागण्यांवर मत देऊ शकत नाही. कर्जावरचं व्याज, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार असा ‘भारित’ खर्च तर मताला टाकलाच जात नाही.

अडचण वेळेची आहे. चर्चा होते ती मोजक्याच मंत्रालयांची. ठरलेल्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. मागणी १०० रुपयांनी कमी करा, अशी सांकेतिक कपात सूचना एखाद्या खासदाराने गाऱ्हाणं मांडायला दिली असेल, तर तिच्यावर बोलायची संधीही जाते. म्हणूनच मला सभागृहापेक्षा विभागीय स्थायी समित्या महत्त्वाच्या वाटतात. अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार. अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत त्या मागण्या तपासतात, सचिवांना बोलावून प्रश्न विचारतात. त्यांचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात.

मागण्यांचे कागद वाचणं दिसतं तितकं अवघड नाही. प्रत्येक खर्चाला चार अंकी मुख्य लेखाशीर्ष असतं. पहिला अंक २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, म्हणजे पगार, अनुदानं, देखभाल. ४ किंवा ५ असेल तर भांडवली, म्हणजे इमारती, यंत्रं. २२१० हा वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्यावरचा महसुली खर्च, तर ४२१० त्याच खात्याचा भांडवली. शेजारी चार रकाने असतात: मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी शेवटच्या रकान्याची होते. नजर मात्र अंदाज आणि सुधारित अंदाज यांच्यातल्या फरकावर हवी. तरतूद मोठी आणि सुधारित आकडा निम्मा, असं दिसलं की कुठेतरी काम अडलंय: राज्याने आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिलं नाही, निविदा रखडल्या, पदं भरली नाहीत. ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे हातची जाते, त्यामुळे मार्चमध्ये घाईघाईने बिलं काढली जातात आणि कामाचा दर्जा घसरतो.

खर्च झाल्यावरची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) करतात. त्यांचे अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातात: २२ सदस्य, त्यात मंत्री एकही नाही, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा.

राज्यघटनेच्या कलम ५१क मधल्या ११ मूलभूत कर्तव्यांत कर भरणं नाही. ते कायद्यानेच बंधनकारक आहे. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण मात्र त्या यादीत आहे, आणि माझ्या मते सरकारी तिजोरीचा हिशेब पाहणं त्यातच येतं. एकच मंत्रालय निवडा, दोन-तीन वर्षांचे हे रकाने समोरासमोर मांडा आणि खासदाराला पत्र लिहा. पत्रात मागणी क्रमांक, लेखाशीर्ष आणि दोन्ही आकडे द्या, म्हणजे मोघम उत्तर देता येणार नाही. मधल्या सुट्टीआधी पोचलेलं पत्र समितीच्या बैठकीत उपयोगी पडू शकतं. गिलोटिननंतर पोचलं तर त्या वर्षीची मागणी मंजूर झालेली असते.