संगणकाचा पंखा रात्री का फिरत होता

जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमाराला मी ओटा आवरत होते आणि बाहेरच्या खोलीतून घरघर ऐकू आली. संगणक चालू होता, पण त्यावर काम काहीच चालू नव्हतं. तरी तीनशे पानांचं पुस्तक पीडीएफ करायला लावल्यावर फिरतो तसा पंखा फिरत होता. मी जाऊन कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं, टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी. दोन-तीन सेकंदांत आवाज बंद. सगळं जिथल्या तिथं. टास्क मॅनेजर बंद करून पुन्हा ओट्याकडे वळले, तर पाच मिनिटांत परत घरघर. परत टास्क मॅनेजर, परत शांतता. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पंखा बिघडला असता तर मी बघायला आले म्हणून थांबला नसता.

मी मिरजेत घरी बसून मराठी टायपिंग आणि पुस्तकांची जुळणी करते. लोकांची हस्तलिखितं, वकिलांचे दस्त, शेजारपाजारच्यांचे ऑनलाइन फॉर्म. त्यामुळे माझ्या संगणकात माझं कमी आणि इतरांचंच जास्त असतं. आधारची प्रत, पॅनकार्ड, सातबारे, एका निवृत्त शिक्षिकेचं अर्धं टाइप झालेलं आत्मचरित्र. त्या रात्री मला भीती वाटली ती या सगळ्याची.

भाचा पुण्यात आयटीत आहे. झोपला असेल हे माहीत असूनही फोन लावला. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "मावशी, आधी नेटची वायर काढ. मग बोलू."

वायर काढली. मग त्यानं मला विंडोज सिक्युरिटी उघडायला लावली. तिथं 'एक्सक्लूजन्स' नावाची यादी असते, म्हणजे डिफेंडरनं, विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसनं, कुठं बघायचं नाही त्याची यादी. मी ती आयुष्यात कधी उघडली नव्हती. माझ्या यादीत एकच ओळ होती: सी ड्राइव्ह. अख्खा. डिफेंडर चालू होता, हिरवी टिकही दिसत होती, पण घराच्या एकाही खोलीत त्याला जायची परवानगी नव्हती. आणि काही सेटिंग्जच्या खाली लिहिलं होतं की ही सेटिंग तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हातात आहे. घरातल्या संगणकाची अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मीच, आणि मी तर काहीच केलं नव्हतं.

"अलीकडे काय काय इन्स्टॉल केलंस?" त्यानं विचारलं, आणि मला उत्तर लगेच आठवलं. दिवाळीच्या आधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले, म्हणून मी विंडोज ११ घेतलं. ते फुकट आणि रीतसर मिळालं. पण पीडीएफमध्ये दुरुस्त्या करायचं सॉफ्टवेअर महाग होतं. एका ओळखीच्यांनी पेनड्राइव्हवर त्याचं 'फुल व्हर्जन' आणून दिलं. झिप फाइलला पासवर्ड होता, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. मी केला. पासवर्ड कशासाठी असतो हे भाच्यानं त्या रात्री सांगितलं. कुलूप लावलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला बघता येत नाही, आणि कुलूप आपण उघडतो तेव्हा तो आपणच बंद करून ठेवलेला असतो. व्हायरस स्वतःच्या प्रती इतर फाइलींत घुसवत पसरतो, ट्रोजनला, म्हणजे चांगल्या सॉफ्टवेअरच्या वेषात आलेल्या घातक प्रोग्रॅमला, मात्र कुणीतरी हातानं आत घ्यावं लागतं. सॉफ्टवेअर अगदी छान चालत होतं, म्हणूनच तीन महिने मला संशय आला नाही.

मग टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या कामांची यादी. त्या लांबलचक यादीत ब्राउझरच्या अपडेटसारखं नाव असलेलं एक काम होतं. लॉग-इन केलं की दर वेळी ते सुरू व्हायचं. पण त्याचा मार्ग ब्राउझरच्या फोल्डरकडे जातच नव्हता, तो प्रोग्रॅमडेटामधल्या एका लपवलेल्या फोल्डरकडे जात होता. भाच्यानं एक कमांड सांगितली, तिच्यातून त्या फाइलचा हॅश निघाला. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा, ६४ अक्षरं-आकडे. नेट बंद होतं, म्हणून स्क्रीनवरून बघत तो मोबाइलवर व्हायरसटोटल या वेबसाइटवर टाइप केला. प्रूफ तपासावं तसा चार-चार अक्षरांचे गट करून दोनदा वाचला. तिथं सत्तरच्या आसपास अँटिव्हायरसचे निकाल एकाच ठिकाणी दिसतात. माझ्या फाइलसमोर लाल ओळींची रांग लागली, आणि बहुतेक ओळींत 'ट्रोजन' हा शब्द होता.

माझ्या संगणकावर कुणासाठी तरी आभासी चलन खणलं जात होतं, म्हणजे ते चलन मिळवायला त्याला सतत अवघड गणितं करायला लावत होते, म्हणून पंखा फिरायचा. टास्क मॅनेजर उघडला की ते थांबायचं, सापडू नये म्हणून. पण असे प्रोग्रॅम एकटे येतातच असं नाही, त्यांच्या जोडीला बऱ्याचदा माहिती चोरणारेही असतात. लुमा नावाचा त्यातलाच एक. मायक्रोसॉफ्टच्या सांगण्यानुसार २०२५ मध्ये मार्च ते मे अशा दोन महिन्यांत त्यानं जगभरातले ३ लाख ९४ हजारांहून जास्त विंडोज संगणक पकडले होते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज हा या चोरांचा मुख्य माल.

कुकीचं प्रकरण मला नवीन होतं आणि मला वाटतं ते सगळ्यांना कळायला हवं. पासवर्ड ही किल्ली असेल, तर कुकी म्हणजे एकदा आत आल्यावर मिळालेला पास. तो चोराकडे गेला तर ओटीपी न विचारताही काही ठिकाणी त्याला आत घेतात. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' हेही करावं लागतं. मी हे रात्री दीडपर्यंत मोबाइलवरून केलं, संगणकाला हात न लावता. आधी ईमेल, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग बँक. गूगल खात्याच्या उपकरणांच्या यादीत एक विंडोज संगणक माझा नव्हता. ती ओळ बघताना हात थरथरत होते. पैसे गेले नव्हते. गेले असते तर पहिला फोन १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, करायचा, हे मी फ्रिजवर लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, फाइल पुसून काम भागवायचं का? साफसफाईची साधनं आहेत. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडून ती फुकट मिळतात. डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅनही आहे, विंडोज सुरू व्हायच्या आधी चालणारं. ते मी केलं, त्यानं आणखी दोन गोष्टी पकडल्या. पण तीन महिने ज्याच्याकडे घराच्या किल्ल्या होत्या त्यानं आणखी कुठं काय ठेवलंय, हे कोण सांगणार? लोकांची कागदपत्रं ठेवायच्या जागेबद्दल मला 'बहुतेक साफ आहे' हे पुरेसं वाटेना. म्हणून सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकलं, ८ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवरून, आणि तो पेनड्राइव्ह भाच्याच्या लॅपटॉपवर तयार केला. जुन्यातून फक्त वर्ड, पीडीएफ, चित्रं आणि मराठी फॉन्ट घेतले, तेही त्याच्याकडे तपासून. एकही इएक्सई, म्हणजे क्लिक केल्यावर चालू होणारी प्रोग्रॅमची फाइल, नाही.

आता रोजच्या कामाचं खातं साधं आहे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं. फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल अशी सेटिंग केली आहे, नाहीतर विंडोज ते लपवतं आणि बिल डॉट पीडीएफ डॉट इएक्सई ही फाइल नुसती बिल डॉट पीडीएफ दिसते. पीडीएफ दुरुस्तीचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून कपाटात.

सगळ्यात अवघड काम होतं फोन करण्याचं. ज्यांची कागदपत्रं माझ्याकडे होती त्या अकरा जणांना मी एकेक करून सांगितलं की ती चोरीला गेली असण्याची शक्यता आहे, आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. दोघं चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. शिक्षिकाबाईंनी विचारलं, "माझी प्रकरणं पुसली गेली नाहीत ना गं?" नव्हती गेली.

शेवटचा फोन पेनड्राइव्ह देणाऱ्यांना. त्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनाही तो कुणीतरी दिलेला. मी त्यांना एक्सक्लूजन्सची यादी कुठं असते ते सांगितलं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"ताई, माझ्याकडेही सी ड्राइव्हच लिहिलंय."

मी म्हटलं, आधी नेटची वायर काढा.