प्रत्येकाजवळ काहीतरी

पारंपरिक चर्चकडून घरात भरणाऱ्या साध्या सभेकडे मी वळलो, त्यामागे कोणाशी भांडण नव्हते. स्तोत्रे, उपासनेचा क्रम, विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली जाहीर कबुली) हे सारे मला त्याच परंपरेने दिले आणि त्याबद्दलची कृतज्ञता आजही कायम आहे. अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी होती. वर्षानुवर्षे एकाच बाकावर शेजारी बसणाऱ्या दोन विश्वासणाऱ्यांना एकमेकांच्या आत्मिक जीवनाविषयी काहीच ठाऊक नसले, तरी उपासना यथासांग होते, प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) होते, आशीर्वचन होते आणि काही उणे राहिले असे कोणालाही वाटत नाही.

बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात प्रेषित पौल ज्या सभेला उद्देशून लिहितो, तिथे हे शक्यच नव्हते. तुम्ही एकत्र जमता तेव्हा कोणाजवळ स्तोत्र असते, कोणाजवळ शिक्षण, कोणाजवळ प्रकटीकरण (देवाने उलगडून दाखवलेली गोष्ट), असे तो 26व्या वचनात सांगतो आणि हे सर्व एकमेकांच्या उन्नतीसाठी असावे, एवढीच अट घालतो. पुढे तो शिस्तही लावतो: दोघा-तिघांनी बोलावे, इतरांनी त्याची पारख करावी आणि बसलेल्यांपैकी कोणाला काही प्रकट झाले तर आधी बोलणाऱ्याने थांबावे. बोलणाऱ्यानेच थांबून दुसऱ्याला वाट द्यावी, या नियमाला आपल्या आजच्या उपासनेत जागा कुठे आहे, हा प्रश्न मला सोडेना.

अशा सभा घरांत भरत. प्रिस्का आणि अक्विला हे राहुट्या बनवणारे दांपत्य होते व त्यांच्या घरी मंडळी, म्हणजे विश्वासणाऱ्यांचा स्थानिक समुदाय, जमत असे. फिलेमोनाच्या घरची मंडळी, फिलिप्पै येथील लुदियेचे घर, यरुशलेमेत मार्काच्या आईचे घर हे सर्व नव्या करारात नोंदलेले आहे. मात्र यावरून घर हाच देवाने घालून दिलेला एकमेव नमुना आहे असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. सुरुवातीचे विश्वासणारे यरुशलेमेतील मंदिराच्या आवारातही जमत, आणि इफिसात पौलाने एका पाठशाळेत दररोज वादविवाद केले. घराचे महत्त्व भिंतींमुळे नाही, तर तिथे जमणाऱ्यांची संख्या प्रत्येकाला बोलता यावे इतकी मर्यादित राहते यामुळे आहे.

सीरियातील ड्युरा-युरोपोस येथे 1930च्या दशकाच्या आरंभी उत्खननात सापडलेले घर या दृष्टीने विचार करायला लावते. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ख्रिस्ती लोकांनी त्या घरातील दोन खोल्यांमधली भिंत काढून सभेसाठी जागा केली आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्यासाठी कुंड बांधून भिंतींवर चित्रे काढली. त्या साध्या सभागृहातही पूर्वेच्या टोकाला एक छोटा ओटा आहे. ओट्यावर उभा राहणारा आणि समोर बसणारे ही मांडणी मोठ्या इमारतींनी शून्यातून निर्माण केली नाही. इ.स. 313मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाल्यानंतर सम्राटांच्या आश्रयाने विशाल वास्तू उभ्या राहिल्या तेव्हा तिला दगडाचे रूप मिळाले, इतकेच. म्हणूनच इमारत सोडली की परंपरेचे दोष आपोआप मागे राहतात, या समजुतीपासून मी सावध असतो.

घरसभेची कल्पना परंपरेच्या बाहेरून आलेली नाही, हेही सांगायला हवे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1526मध्ये जर्मन उपासनाविधीच्या प्रस्तावनेत लिहिले, की ज्यांना मनापासून ख्रिस्ती व्हायचे आहे त्यांनी आपली नावे नोंदवून एखाद्या घरी जमावे आणि तिथे प्रार्थना, वाचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन करावे; पण अशी माणसे आपल्याजवळ अजून नाहीत, असे म्हणून त्याने तो विचार तिथेच ठेवला. पुढे ल्यूथरच्याच परंपरेतला पाळक (मंडळीचा धर्मगुरू) फिलिप याकोब श्पेनर याने 1670मध्ये फ्रँकफुर्टला आपल्या घरी अशा बैठका सुरू केल्या. याउलट इंग्लंडच्या 1664च्या कायद्याने, घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक लोक राज्यमान्य पद्धतीबाहेरच्या उपासनेसाठी जमले तर दंड, तुरुंगवास आणि तिसऱ्यांदा तसे घडल्यास हद्दपारी ठरवून दिली होती. दिवाणखान्यात गुडघे टेकणाऱ्या मूठभर माणसांची राज्यसत्तेला एवढी धास्ती वाटावी, यावरूनच अशा सभेतले बळ कळते.

तरीही घराचे धोके खरे आहेत आणि शास्त्र ते झाकत नाही. करिंथात प्रभुभोजनाच्या वेळी एक उपाशी राही आणि दुसरा मद्याने धुंद होई, तेही एकत्र जेवणाऱ्या मंडळीतच. योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस पुढारीपणाच्या हव्यासापायी बंधूंना मंडळीतून घालवून देत असे. लहान सभेत असा एक मनुष्य मोठ्या चर्चपेक्षा अधिक घातक ठरतो, कारण त्याला अडवणारे मंडळ नसते, हिशेब तपासणारे कोणी नसते आणि बरेचदा घरही त्याचेच असते. त्यामुळे ज्याचे घर त्याचीच सभा, असे होऊ नये म्हणून जागा आळीपाळीने बदलणे मला आवश्यक वाटते. दान कोणाला किती दिले हे सर्वांसमोर मांडावे. मुलांची जबाबदारी एकट्या माणसावर कधीही टाकू नये, मग तो कितीही विश्वासातला असो. आणि शिकवणुकीत मतभेद झाला तर ज्याचे ऐकता येईल असा सभेबाहेरचा, दुसऱ्या मंडळीतला परिपक्व वडील (मंडळीचा ज्येष्ठ पुढारी) आधीच ठरलेला असावा, कारण वाद पेटल्यावर असा माणूस शोधू लागले की प्रत्येक पक्ष आपल्याला अनुकूल असाच शोधतो.

माझ्या अनुभवात सर्वांत कठीण गोष्ट शांतता सहन करणे ही होती. एक वचन वाचून झाल्यावर कोणी लगेच बोलत नाही, आणि चांगले बोलता येणाऱ्याला ती पोकळी भरून काढण्याची अनावर इच्छा होते. त्याने ती आवरली तरच जिने आजवर चर्चमध्ये तोंड उघडलेले नाही अशी एखादी वृद्ध बहीण आपल्या दुःखात देवाने कसे सांभाळले ते सांगू लागते, किंवा एखादा तरुण आपली शंका बोलून दाखवतो आणि त्या दिवशीचे शिक्षण त्या शंकेतूनच पुढे जाते. तयार प्रवचनाची जागा तयारीविना बडबडीने घ्यावी, असे मी म्हणत नाही. उलट इथे प्रत्येकाला आठवडाभर शास्त्र वाचून यावे लागते, कारण आपल्याऐवजी वाचून येणारा पाळक इथे नसतो.

सभा वाढून खोलीत मावेनाशी झाली, की मोठी जागा घेण्याचा मोह होतो. तेव्हा दोन कुटुंबांना प्रार्थनापूर्वक दुसऱ्या घरी सभा सुरू करायला पाठवावे, आणि महिन्यातून एकदा दोन्ही सभांनी एकत्र जेवून प्रभुभोजन घ्यावे.