जुनी चप्पल सोबत आणा

आजोबा आणि वडील कोल्हापुरी बांधायचे. कराडच्या त्याच दुकानात आता मी बसतो, पण नऊ वर्षं झाली, माझं निम्मं काम शुगरच्या पेशंटचं असतं.

सुरुवात एका चिठ्ठीने झाली. डॉक्टर मॅडमनी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला पाठवलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'एमसीआर चप्पल, मागून पट्टा, खिळे नकोत.' एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. माप घेण्याआधी सवयीने मी त्यांची जुनी चप्पल उलटीपालटी केली. टाचेजवळ खिळ्याचं टोक वर आलेलं, भोवती काळं पडलेलं रक्त.

"नाना, टोचत नव्हतं का हो?"

"न्हाई बा. कळलंच न्हाई." शुगरने त्यांचे पाय बधिर झाले होते.

त्याच टाचेची जखम एका दवाखान्यात महिनाभर राहून बरी केली होती. ड्रेसिंग चांगलं झालं, शुगरही आटोक्यात आणली. चप्पल मात्र कुणी पाहिली नाही. तीच घालून नाना घरी गेले आणि जखम परत चिघळली. मला फार वाईट वाटलं. दुकान बंद करून ती चप्पल घेऊन मी मॅडमकडे गेलो. त्यांनी सिस्टरना बोलावलं, आतून बोट फिरवायला लावलं. दुसऱ्या दिवसापासून तिथं नियमच झाला: तपासणीला येताना जुनी चप्पल सोबत आणायची.

सिस्टर तपासणी कशी करतात, ते मी शेजारी बसून शिकलो. नायलॉनचा एक बारीक धागा असतो, १० ग्रॅम दाब पडला की वाकणारा. पेशंटला डोळे मिटायला सांगून तळव्याला ठिकठिकाणी टेकवतात. मला प्रत्येक वेळी स्पष्ट लागला. नानांना बऱ्याच जागी कळलाच नाही. न कळलेल्या जागा सिस्टर पायाच्या चित्रावर लाल पेनाने भरतात आणि तो कागद माझ्याकडे येतो. घोट्याची नाडी लागत नसेल तर मात्र पेशंट आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जातो. रक्तच पोचत नसेल तर नुसत्या चपलेनं जखम भरत नाही.

एका मावशींच्या कागदावर लाल खुणा अंगठ्याच्या बुडाशी होत्या, पण चप्पल झिजली होती करंगळीच्या बाजूने. मी फोन केला. फिजिओथेरपिस्टनी मावशींना चालायला लावलं, तर घोटा आखडलेला, पाऊल बाहेरच्या कडेवर पडत होतं. मी नुसत्या कागदावरून रबर कापलं असतं तर दाब कमी करायला कोरायची जागाच चुकली असती.

एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर. हे एमसीआर रबर मुळात कुष्ठरोग्यांच्या चपलांचं. बधिर पाय आपोआप सडत नाही, पुन्हा पुन्हा त्याच जागी दाब पडून फाटतो, हे वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं होतं. वडिलांना माझी चप्पल बघून आधी रागच आला. अंगठा नसलेली कसली चप्पल! पण बोट अडकवायचा तो अंगठा चपलेला असला की बधिर पाय बोटं आवळून ती धरू बघतो, नाहीतर चप्पल वाटेत कुठंतरी निसटते आणि माणसाला पत्ता नसतो. म्हणून पुढं रुंद पट्टे, मागं पट्टा, सगळं टाक्यांवर आणि सोल्युशनवर. माप संध्याकाळी घेतो, तोवर पाय सुजलेला असतो. पहिल्या दिवशी तासभरच घाला, काढून पाय बघा, लाली राहिली तर तसेच परत या, असं प्रत्येकाला बजावतो.

देवळात जाणाऱ्यांची काळजी अजून वाटते. चैत्रात फरशी तापते, चपला बाहेर राहतात, आणि फोड दुसऱ्या दिवशी सुनेच्या नजरेला पडतो. सिस्टर अशांना सकाळी लवकर जायला सांगतात, जाड मोजे घालून.

मी पाहिलेल्या डिस्चार्ज कार्डांवर गोळ्या असतात, ड्रेसिंगची तारीख असते, पण चपलेसाठी ओळ नसते. मॅडमनी आपल्या कार्डावर ती छापून घेतली आहे. बाकीच्यांनीही घ्यावी, एवढीच माझी कळकळीची विनंती आहे.

नाना गेल्या महिन्यात तिसरा जोड न्यायला आले. हातात दिल्याबरोबर त्यांनी चप्पल उलटी करून झटकली, आत टाचेपासून बोटांपर्यंत सावकाश हात फिरवला, आणि मग पाय घातला.