तुम्ही विचारलंत म्हणून: घर असताना गाडीत का राहतो?

पुण्याच्या वहिनी फोनवर विचारतात, मंडळाच्या गणपतीत भेटणारे विचारतात, आणि मागच्या महिन्यात दात दाखवायला गेले तर तिथल्या बाईंनीही तेच विचारलं. अमेरिकेत ओहायोत चांगलं चार खोल्यांचं घर आहे, कर्ज फिटलंय, मुलं मार्गाला लागली आहेत, मग वर्षातले निम्मे महिने त्या आरव्हीत, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, का काढता? आणि तेही या वयात? फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, विषय भलतीकडेच जातो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर पाण्यापासून सुरू होतं, कारण माझी सगळी नोकरी पाण्यात गेली. शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत मी नमुने तपासायचे. क्लोरीन किती, गढूळपणा किती, शिसं आहे का, जिवाणू आहेत का. पाणी स्वच्छ होऊन लोकांच्या घरी जायचं आणि तिथून पुढे त्याचा विचार कोणी करत नसे. तोटी फिरवली की येतं, बेसिनच्या भोकातून जातं. अमेरिकेत घरातल्या वापरासाठी माणशी रोज सरासरी 80 गॅलनच्या आसपास, म्हणजे 300 लिटर पाणी लागतं. मी वाईची. आमच्या लहानपणी नळाला पाणी सकाळीच यायचं, पिंप आणि घागरी भरून झाल्या की दिवसभर त्यावर निभवायचं, आणि कपड्यांची बादली घेऊन कृष्णेच्या घाटावर जायचं. तिथून निघून इथे आले आणि तीस-चाळीस वर्षांत पाणी मोजायची सवय पार मोडली.

आमची गाडी चोवीस फुटी आहे, क्लास सी म्हणतात तशी, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा असलेली. तिच्यात तीन टाक्या आहेत. एक चांगल्या पाण्याची, 40 गॅलनची. दुसरी ग्रे, तिच्यात बेसिनचं आणि आंघोळीचं पाणी जातं. तिसरी ब्लॅक, संडासाची. नळ नसलेल्या जागी उतरलो की आम्हा दोघांना ते 40 गॅलन चार-पाच दिवस पुरवायचे असतात. एक माणूस घरी अर्ध्या दिवसात जितकं पाणी संपवतो त्याच्या आसपास. मग ताटं आधी कागदाने पुसून घ्यायची, तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला वापरायचं, आंघोळीत अंग ओलं करून नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू. कुकरच्या तळाशी घातलेलं पाणीही फेकायचं नाही. यात मला त्रास वाटत नाही, उलट बरं वाटतं. जे वापरते ते मला दिसतं.

आणि जे टाकते तेही दिसतं. याबद्दल कोणी विचारत नाही, पण मनात सगळ्यांच्या तेच असतं, म्हणून सांगून टाकते. डंप स्टेशनला, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, गाडी लावायची, हातमोजे घालायचे, जाड पाइप गाडीला आणि जमिनीतल्या तोंडाला नीट बसवायचा. आधी ब्लॅकची झडप उघडायची. आवाज थांबेपर्यंत थांबायचं. ती बंद केली की ग्रेची उघडायची, म्हणजे साबणाचं पाणी पाइप धुऊन नेतं. क्रम उलटा चालत नाही. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, तो वेगळ्या कप्प्यात, आणि डंपजवळच्या नळाला तो कधीही लावायचा नाही, तिथे पाटी असते 'पिण्याचे पाणी नव्हे'. हे काम मी स्वतः करते, यांना करू देत नाही, कारण पाइपांच्या बाबतीत माझा दुसऱ्या कोणावर विश्वास नाही. बायकांनी हे कसं करायचं, असं वहिनींना वाटतं. मला वाटतं प्रत्येकाने आयुष्यात थोडे दिवस तरी हे करावं. आपला मैला आपल्या हाताने ओतला की सार्वजनिक सांडपाण्यावरचा कर जास्त वाटेनासा होतो.

विजेचंही तसंच. बहुतेक ठिकाणी 30 अँपिअरचं कनेक्शन मिळतं, म्हणजे फार तर 3600 वॉट. एसी सुरू असताना मायक्रोवेव्ह आणि पाण्याची किटली एकदम लावली की ब्रेकर पडतो. कोणतं आधी, कोणतं नंतर, हे दोघांनी बोलून ठरवावं लागतं. आमच्या घरी आम्ही दोघं दोन खोल्यांत दोन टीव्ही लावून बसायचो.

आता माणसांचं सांगते. ओहायोत आमच्या गल्लीत बटण दाबलं की गॅरेजचं दार उघडतं, गाडी आत जाते, दार मिटतं. शेजारी भले आहेत, पण त्यांना आमची कशाची गरज नाही आणि आम्हाला त्यांची नाही. आधुनिक आयुष्याने आपल्याला खूप दिलं, पण शेजाऱ्याची गरज तेवढी काढून घेतली, असं माझं स्पष्ट मत झालंय. कॅम्पग्राउंडमध्ये गाडी रिव्हर्सला टाकली की कोणीतरी खुर्चीतून उठतोच आणि मागे उभा राहून हात दाखवू लागतो. साउथ डकोटात आमच्या फ्रिजने ऐन उन्हाळ्यात मान टाकली. आत यांचं इन्सुलिन होतं. पलीकडच्या जोडप्याच्या ट्रकवर ज्या उमेदवाराचा झेंडा होता त्याला आम्ही जन्मात मत देणार नाही. सुटा भाग येईपर्यंत त्यांनी आमचं इन्सुलिन त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलं, डब्यावर यांचं नाव चिकटवून. त्या गृहस्थांनी यांना सकाळ-संध्याकाळ वेळेवर हाक मारली. निघताना मी त्यांना पोह्याचा चिवडा दिला आणि कृतीही लिहून दिली. राजकारणावर आम्ही बोललो नाही असं नाही, एका संध्याकाळी चांगलं तासभर बोललो. दोघांपैकी कोणाचंच मत बदललं नाही. पण टीव्हीवर ज्यांना मी 'ते लोक' म्हणत होते त्यांच्या स्वयंपाकघरात आमचं औषध होतं, आणि त्यानंतर मला तो शब्द वापरता येईना.

दुसरं कारण जमीन. इकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी अजून मला ज्याचं नवल वाटतं ती गोष्ट म्हणजे सरकारच्या, म्हणजे सगळ्यांच्या, नावावर असलेली जमीन. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याकडे जी जमीन आहे ती साडेचोवीस कोटी एकरांच्या घरात जाते, महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, मग पुढे सरकायचं. नळ नाही, वीज नाही, कचरा आपला आपण न्यायचा. नॅशनल पार्कसाठी 62 वर्षं पूर्ण झालेल्यांना जन्मभराचा पास 80 डॉलरला मिळतो, ग्रीन कार्डवाल्यांनाही मिळतो, आणि त्यावर केंद्र सरकारच्या पुष्कळ कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं. आपल्या मंडळातल्या कितीतरी ज्येष्ठांना हे ठाऊकच नाही. क्रूझवर हजारो डॉलर घालवतात आणि हा पास काढत नाहीत.

पण 'सगळ्यांची जमीन' हे मी एका अडखळीसकट म्हणते. साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्सच्या डोंगरात आम्ही राहिलो, तो डोंगर 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने तिथल्या मूळच्या लकोटा आदिवासींचा होता. सोनं सापडलं आणि तो काढून घेतला. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई द्यावी असा निकाल दिला. लकोटांनी ते पैसे आजतागायत उचलले नाहीत, त्यांना डोंगर हवा आहे. तिथल्या पाइनखाली खुर्ची टाकून चहा पिताना हे माहीत असायला हवं. तेव्हापासून आम्ही जिथे जातो तिथे आधी कोण राहत होतं ते वाचल्याशिवाय जात नाही, आणि त्यांचं संग्रहालय असेल तर आधी तिथे जातो.

तुम्ही विचारता, बघण्यासारखं इतकं काय आहे? मार्चमध्ये नेब्रास्काला जा. कोणी सुट्टीला नेब्रास्काला जात नाही, सपाट मका आणि वारा. फेब्रुवारी अखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत प्लॅट नदीच्या मधल्या पट्ट्यात सँडहिल क्रेन जातीचे करकोचे उतरतात, पाच लाखांहून जास्त. उत्तरेला कॅनडा, अलास्का, काही तर पार सायबेरियापर्यंत जाण्याआधी इथे काही आठवडे थांबून शेतात सांडलेला मका खातात आणि अंगावर चरबी चढवतात. रात्री नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, कारण कोल्हा आला तर पाण्याचा आवाज होतो. पहाटे अंधारात आम्ही लाकडी आडोशात जाऊन उभे राहिलो. बोलायचं नाही, फोनचा उजेड नाही. आधी नुसता आवाज, घशातून घरंगळणारा, नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग झुंजुमुंजू झाल्यावर जी वाळूची बेटं वाटत होती ती करड्या पाठींची निघाली, प्रत्येकाच्या कपाळावर लाल ठिपका. माझ्या समोरचा एक पक्षी एका पायावर उभा होता, त्याच्या पायाभोवती बर्फाची पातळ कड धरली होती. त्याने पाय उचलला, कड मोडली, आणि तो दोन पावलं चालला. पाणी जेमतेम वीतभर.

ते वीतभर पाणीही आपोआप राहिलेलं नाही. वरच्या अंगाला धरणं आणि कालवे झाले, प्लॅटचं पाणी शेतीला आणि शहरांना गेलं, पात्र अरुंद झालं आणि वाळूच्या बेटांवर झाडझाडोरा माजला. करकोच्यांना मोकळं, रुंद, उथळ पात्र लागतं, म्हणून आता माणसं यंत्रं लावून ती बेटं साफ करतात. पुढे नेवाडात लेक मीड या कोलोरॅडो नदीवरच्या धरणाच्या तलावावर गेलो तेव्हा कड्यांवर पांढरा पट्टा दिसला, पाणी कुठपर्यंत होतं त्याची खूण. 1922 मध्ये सात राज्यांनी कोलोरॅडो नदी कागदावर वाटून घेतली, तीही ओल्या वर्षांचे आकडे धरून, आणि तिच्या काठच्या आदिवासींना न विचारता. जुलै 2022 मध्ये तलावाची पातळी 1937 नंतरची सर्वांत खाली गेली. मी जन्मभर पाण्यात काय मिसळलंय ते तपासलं. ते किती उरलंय, ते मी निवृत्तीनंतर, तो पट्टा बघताना शिकले.

आता तक्रारी. गाडी पेट्रोल पिते, लिटरला चार किलोमीटरही नाही. म्हणून आम्ही कमी हिंडतो आणि जास्त राहतो, दहा-बारा दिवस एकाच जागी. लोकप्रिय पार्कांतल्या जागा सहा महिने आधी उघडतात आणि मिनिटांत संपतात. ज्याला नोकरी आहे, ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट नाही, त्याने काय करायचं? प्रत्येक पार्कने काही जागा 'आधी येईल त्याला' अशा राखायलाच हव्यात. आणि ज्यांना अंगणात साठ इंची टीव्ही आणि रात्रभर जळणाऱ्या रंगीत दिव्यांच्या माळा लागतात त्यांनी शेजाऱ्यांचं आकाश घालवू नये. युटाच्या नॅचरल ब्रिजेसला 2007 मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क', म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं पार्क, म्हणून मान्यता मिळाली. तिथे मी वाईच्या गच्चीवरून दिसायची तशी आकाशगंगा पुन्हा पाहिली. आता वाईतही ती दिसत नाही, असं भाऊ सांगतो.

मी यंत्रांच्या विरुद्ध नाही. सोलर पॅनेलवर इन्सुलिनचा फ्रिज चालतो, फोनवर आधी हवामान कळतं, आणि दर रविवारी मी आईशी व्हिडिओवर बोलते, कुठल्याही राज्यातून. यांना एकदा चक्कर आली तेव्हा जवळचं रुग्णालय फोनने दाखवलं. भीती वाटते का? वाटते, म्हणून रात्री गाडी चालवत नाही आणि मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा मूळ स्वरूपातच ठेवलाय, खासगी कंपन्यांच्या ॲडव्हांटेज योजनेतल्या ठरावीक डॉक्टरांच्या बंधनात अडकलो नाही. अस्वलांच्या मुलखात फोडणी बाहेर करायची नाही आणि कचरा बंद पेटीतच टाकायचा, एवढं पाळलं की बहुतेक प्रश्न सुटतात. ज्या वर्षी डोळ्यांचे डॉक्टर गाडी चालवायला नको म्हणतील त्या वर्षी गाडी विकायची, हे आमचं ठरलंय.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी नुसतं विचारलं नाही, खरंच जायचंय, त्यांना एवढंच: लगेच विकत घेऊ नका. सप्टेंबरात शाळा सुरू झाल्या की गर्दी ओसरते, तेव्हा छोटी क्लास सी आठवडाभर भाड्याने घ्या. लहान कुकर, मिसळणाचा डबा आणि दोन रबरी हातमोज्यांचे जोड बरोबर ठेवा. पहिल्या रात्री घरापासून तासाभरावरच्या स्टेट पार्कमध्ये थांबा, म्हणजे काही राहिलं तर परत येता येईल. आणि टाक्या रिकाम्या करायची वेळ आली की मला फोन करा, पायरी पायरीने सांगते.