जोडी लावण्याआधीचं वर्ष : आमची वाटचाल

आमच्याकडे चौकशीला येणारे जवळजवळ सगळे आधी एकच विचारतात, "जोडी कधी लावता?" निळ्या जिभेच्या सापसुरळ्यांची, म्हणजे ब्लू टंग स्किंकची, पैदास हा आमचा व्यवसाय, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण जोडी लावायचं काम वर्षातल्या मोजक्या दिवसांचं. बाकी सगळं वर्ष खाणं, ऊब आणि जागा यांच्यामागे जातं, आणि मादीचं वेत कसं होणार हे तिथेच ठरतं. ह्याच समजुतीवर आमची फर्म उभी राहिली.

सुरुवात मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने मिळून केली, नॉर्दर्न उपजातीची थोडी प्रौढ जनावरं घेऊन. नॉर्दर्न म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियातली स्किंक. अंगाने भरलेली, शेपटीसकट दीड-दोन फुटांपर्यंत जाणारी, आणि नीट सांभाळली तर वीस वर्षं सोबत करणारी. ऑस्ट्रेलिया आपले रानातले प्राणी व्यापारासाठी जिवंत बाहेर पाठवू देत नाही. त्यामुळे बाहेरच्या पैदासकारांकडे जी नॉर्दर्न आहेत ती पूर्वी कधीतरी बाहेर आलेल्या थोड्या जनावरांचीच संतती. नवं रक्त सहजी मिळत नाही. 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाने नॉर्दर्न आणि ईस्टर्न ह्या दोन्ही उपजाती साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 3 मध्ये घातल्या, तेव्हापासून सीमा ओलांडताना कागदपत्रंही आली. म्हणून पहिल्या वेतापासून आम्ही प्रत्येक पिल्लाचे आई-बाप नोंदवहीत लिहीत आलो. जवळच्या नात्यात जोडी लागू नये याची दुसरी कुठली खात्री ह्या धंद्यात नाही.

पेट्यांबद्दल माझी मतं ठाम आहेत. एका पेटीत एकच जनावर. नर-मादीही एरवी एकत्र ठेवायची नाहीत. ही एकटी राहणारी प्रजा आहे. दोघं एका जागेत कोंडली की आज ना उद्या बोट तुटतं, शेपूट चावली जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एक जण दबून राहतो, खाणं सोडतो आणि बाहेरून काही दिसतही नाही. प्रौढाला निदान 120 सेंटिमीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद पेटी लागते, उंचीपेक्षा जमीन महत्त्वाची. ह्या क्षेत्रात बरेच जण जागा वाचवायला प्लॅस्टिकचे टब एकावर एक रचतात. तेवढ्याच खोलीत कितीतरी जास्त माद्या बसतात हे खरं, पण त्या चालत नाहीत, सुस्तावतात, आणि सुस्त मादी वेताच्या वेळी थकते. आम्ही कमी जनावरं आणि मोठ्या पेट्या हाच हिशेब धरला. धंदा हळू वाढला, पण वाढला.

पेटीच्या एका टोकाला ऊन घ्यायची जागा. दिव्याखाली सपाट फरशीचा तुकडा, त्याचा पृष्ठभाग 40 अंश सेल्सियसच्या आसपास. दुसरं टोक 24 ते 27 अंशांवर, दोन्हीकडे लपायला कोनाडा. दिव्यावर थर्मोस्टॅट हवाच. फरशी मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ही सापसुरळी घालते ती अंडी नव्हे, थेट पिल्लं. पोटातल्या पिल्लांना ऊब मिळते ती आईच्या अंगातूनच. गाभण मादी तासन्‌तास त्या फरशीवर पोट चिकटवून पसरलेली असते. ती जागा कमी तापली तर दिवस लांबतात. नॉर्दर्नचे साधारण 100 दिवस धरतात, पण थंड ठेवलेल्या माद्या त्याच्या बऱ्याच पुढे जातात. यूव्हीबी नळीशिवायही, म्हणजे कॅल्शियम अंगी लागायला मदत करणाऱ्या अतिनील दिव्याशिवायही, लोक पाळतात, पण पैदाशीच्या मादीला ती न देणं मला पटत नाही. पिल्लांच्या हाडांचं कॅल्शियम तिच्याच शरीरातून जायचं असतं.

खाली आम्ही सायप्रस झाडाच्या सालीचा किंवा नारळाच्या काथ्याचा जाडसर थर देतो, त्यात त्या नाक खुपसून शिरतात. देवदार किंवा पाइनचा भुसा चुकूनही नको, त्यातल्या तेलांचा त्रास होतो. नॉर्दर्नला हवेत 40 ते 60 टक्के ओलावा पुरतो. पुढे आम्ही न्यू गिनीच्या दक्षिण भागातल्या मेराउके नावाच्या निळ्या जिभेच्या सापसुरळ्या घेतल्या, त्यांना 60 ते 80 टक्के लागतो. एकाच खोलीत दोन्ही नीट राहत नाहीत, म्हणून मेराउकेंसाठी आम्ही वेगळी खोली केली.

आता खाणं. हा माझ्या बहिणीचा विभाग आणि आमच्या फर्मचा खरा कणा. प्रौढाच्या ताटलीत निम्मा भाजीपाला, त्याहून थोडं कमी मांस-किडे-अंडं, आणि फळ दहाव्या हिश्श्याच्या वर नाही. भाजीत भोपळा, घेवड्याच्या शेंगा, गडद हिरवी पानं. पालक मात्र क्वचित, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडकवून ठेवतं. अॅव्होकाडो, कांदा, लसूण पूर्ण वर्ज्य. काजवेही वर्ज्य, सरड्यांच्या कुळाला ते जीवघेणे ठरतात. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं प्रमाण 2:1 राहावं म्हणून ताटलीवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरायची.

गोगलगायी आम्ही घरच्या पैदाशीच्याच देतो. बागेतल्या नकोत, त्यांच्यात जंत असतात आणि गोगलगायी मारायचं औषध त्यांनी खाल्लेलं असेल तर ते स्किंकच्याही पोटात जातं. एकदा तरी जवळून पाहावं असं ते खाणं आहे. स्किंक आधी जीभ लावून पाहते, मग गोगलगाय जबड्यात मागे सरकवते, कारण तिचे मागचे दात बोथट आणि रुंद असतात. एक करकर आवाज येतो. मग ती थांबते, डोळे अर्धवट मिटते, आणि तोंडाच्या कडेने शंखाचे तुकडे जिभेने ढकलून बाहेर टाकते. मऊ भाग गिळून झाला की तोंड फरशीला पुसते.

किती घालायचं यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा होते. प्रौढाला आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. ही जनावरं मागून मागून खातात, ताटली दिसली की पेटीच्या काचेला नाक लावतात, आणि पाळणारा विरघळतो. पण लठ्ठ मादी ही पैदाशीतली सगळ्यात मोठी अडचण. शेपटीच्या मुळाशी गुबगुबीत असावं, काखेत आणि मानेमागे चरबीच्या वळ्या पडू नयेत. प्रत्येक जनावराचं वजन ठरावीक दिवशी काट्यावर घेऊन लिहिलं जातं, आणि पुढची ताटली त्या आकड्यावरून भरते. गाभण मादीला थोडं थोडं पण जास्त वेळा, कारण पोटात जागाच उरत नाही.

थंडीची विश्रांती नॉर्दर्नला आम्ही दर वर्षी देतो. आधी खाणं बंद करून, दिवे चालू ठेवून आतडी रिकामी होऊ द्यायची. पोटात अन्न असताना गारवा दिला तर ते कुजतं. मग उजेडाचे तास कमी करत न्यायचे आणि रात्रीचं तापमान 15 ते 18 अंशांवर ठेवायचं, सहा-आठ आठवडे. पाणी कायम भरलेलं. मेराउकेंचा मुलूख बारमाही उष्ण, त्यांना थोडा बदल पुरतो.

आणि मग ती जोडी. ऊब परत आली, खाणं सुरू झालं, नराने पहिली कात टाकली की तो पेटीभर अस्वस्थ फिरतो. तेव्हा मादी त्याच्या पेटीत सोडायची आणि जागचं हलायचं नाही. तो तिच्या मागे मागे जातो, खांद्याजवळ दातांनी घट्ट धरतो. ती तयार असेल तर शेपूट उचलते. नसेल तर फुसकारते, वळून जबडा उघडते, तेव्हा लगेच वेगळं करायचं. खांद्यावरचे दातांचे वण बहुधा पुढच्या कातींबरोबर जातात. नर-मादी ओळखणंच मुळात अवघड, डोक्याच्या रुंदीवरून केलेले अंदाज अनेकदा फसतात, त्यामुळे वेत झाल्याशिवाय कुठलीही मादी आम्ही "मादी" म्हणून विकत नाही.

धंदा वाढवताना बाहेरून जनावरं घ्यावी लागली. एका पुरवठादाराने पिंजऱ्यात जन्मलेली म्हणून पाठवलेली दोन जनावरं रानातून धरलेली निघाली. झिजलेली नखं, जुने वण, पोटात जंत, खवल्यांखाली गोचिडीसारखे बारीक माइट. आमच्याकडे नवं जनावर 90 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांवर राहतं, म्हणून ते तिथेच कळलं आणि बाकीची वाचली. दोन्ही उपचारांनी बरी झाली. ती आम्ही पैदाशीला लावली नाहीत.

पिल्लं सहसा पाच ते पंधरा होतात. पातळ पडद्यातून बाहेर येतात, तो पडदा आणि उरलेला बलक बहुतेक जण स्वतःच खातात, आणि बोट जवळ नेलं तर त्याच दिवशी निळी जीभ पूर्ण बाहेर काढून धमकावतात. जिभेचा मागचा भाग सगळ्यात चमकदार असतो, अतिनील प्रकाशात तर जास्तच. हल्ला करायला आलेल्याला दचकवायला ती शेवटच्या क्षणी बाहेर येते. आई पिल्लांकडे बघतही नाही. तिला लगेच उचलून तिच्या पेटीत, खाणं आणि पाण्याशेजारी, आणि पिल्लंही एकेकटी, नाहीतर एकमेकांची बोटं कुरतडतात. पहिल्या काळात रोज किंवा दिवसाआड खाणं, बारीक चिरून.

पिल्लू स्वतःहून नीट खात नाही, वजन चढत नाही, निदान एक कात टाकत नाही, तोवर ते आमच्याकडून जात नाही. सोबत त्याच्या खाण्याची नोंद आणि आई-बापाचा कागद जातो. घेणाऱ्यांना पेटीही आमच्यासारखीच हवी असायची, तेव्हा आम्ही पेट्या बांधून द्यायला लागलो. आज निम्मं काम सुताराच्या टेबलावर चालतं. त्यामुळेच एक गोष्ट परवडते: ज्या मादीचं गेल्या वर्षी वेत झालं, तिला यंदा पूर्ण विश्रांती. पुढच्या हंगामाच्या यादीत सध्या फक्त वयाची दोन वर्षं पूर्ण केलेल्या, वजन भरलेल्या माद्या आहेत. त्यांतली एक मेराउके अजून थोडी हलकी आहे, तिचं नाव पेन्सिलने लिहून ठेवलंय.